थ्रॉटल बॉडी किती मोठी असावी?

प्रश्न (जळगाव): माझ्या गाडीचे १.२ लिटरचे पेट्रोल इंजिन मूळ स्थितीत असून ४४ मिमीऐवजी ५२ मिमी व्यासाची थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप असलेला भाग) बसवल्यास ताकद वाढेल काय?

उत्तर (धुळे): भाऊ, चार-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदाच हवा ओढते; त्यामुळे ६००० आरपीएमला (मिनिटाला ६००० फेऱ्या), सिलिंडर ८५ टक्के भरतात असे धरल्यास, मिनिटाला सुमारे ३,०६० लिटर हवा लागते. ती ४४ मिमीतून सेकंदाला साधारण ३४ मीटर वेगाने जाते, जो काही फार नाही. मग क्षेत्रफळ जवळजवळ ४० टक्क्यांनी वाढवायचे कशासाठी?

उत्तर (भुसावळ): सहमत. पूर्ण थ्रॉटलला (पेडल पूर्ण दाबल्यावर) मॅनिफोल्डमधील, म्हणजे सिलिंडरांपर्यंत हवा नेणाऱ्या नळ्यांमधील, दाब बाहेरच्या दाबाइतकाच भरत असेल, तर अडथळा तिथे नाही. उलट मोठ्या बॉडीत पेडलाच्या थोड्याशा हालचालीने जास्त हवा शिरून गाडी झटके देते. आपल्याकडील ४५ अंशांच्या उन्हात हवा विरळ होऊन घटणारी ताकदही त्याने परत येणार नाही. आधी एअर फिल्टर तपासावा.