ताई ची सुरू करून दोन महिने झाले, अजून नुसतं उभंच करतायत. हे नॉर्मल आहे का?

खांबासारखी
नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसती वाचत असते, आज पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

वय ३७, काम दिवसभर खुर्चीत, व्यायामाच्या नावानं आनंदीआनंद. दोन महिन्यांपूर्वी चेन स्टाईल ताई ची (चिनी मार्शल आर्ट, चेन घराण्याची शैली) चा क्लास लावला. (घरी सांगितलं "ताई ची ला जाते" तर पहिला प्रश्न आला "कुठल्या ताईची?" आणि तेव्हापासून हा जोक रोज एकदा होतोच.) आठवड्यातून दोनदा, दीड दीड तास. मी व्हिडिओ बघून गेले होते, वाटलं होतं की ते पाण्यात तरंगल्यासारखे हात वगैरे शिकवतील. प्रत्यक्षात पहिली २० मिनिटं नुसतं उभं राहायचं, गुडघे जरासे वाकवून, मोठं झाड कवेत घेतल्यासारखे हात छातीसमोर, आणि गप्प. मग अर्धा तास एकच हात गोल गोल फिरवायचा, त्याला सिल्क रीलिंग म्हणतात. मग वजन डावीकडे न्या, उजवीकडे न्या. फॉर्ममधल्या (म्हणजे ठरलेल्या क्रमानं करायच्या हालचालींच्या मालिकेतल्या) आत्तापर्यंत फक्त चार मूव्ह्ज झाल्यात आणि एकूण ७० च्या वर आहेत म्हणे, म्हणजे या हिशोबानं तीन वर्षं कुठे गेली नाहीत.

माझा एक मित्र विंग चुन (ही पण चिनी मार्शल आर्टच) शिकतो, त्याला पहिल्या आठवड्यापासून समोर पार्टनर मिळाला. तो म्हणतो तुला गंडवतायत, नमनालाच घडाभर तेल चाललंय.

अजून एक म्हणजे उजवा गुडघा आतल्या बाजूनं दुखायला लागलाय, क्लासच्या दुसऱ्या दिवशी जिना उतरताना जास्त. सरांना सांगितलं तर म्हणाले सुरुवातीला दुखणारच, सहन करायला शिका.

तर हे असंच असतं का, की क्लास बदलू? लढायला वगैरे शिकायचंय असं काही नाही, पण अगदीच आजीआजोबांचा व्यायाम पण नकोय.

जुनाखांब
आयडी चेष्टेनं घेतलाय की कसं माहीत नाही पण अगदी बरोबर बसलाय. त्या उभं राहण्याला चिनी भाषेत झान झ्वांग म्हणतात आणि त्यातल्या झ्वांगचा अर्थच मुळी खांब, जमिनीत रोवलेला खुंट.

मला चेनमध्ये १४ वर्षं झाली. हो, नॉर्मल आहे. उभं राहून नेमकं काय होतं ते सांगतो, कारण सगळे "ची (शरीरातली ऊर्जा) वाहते" एवढं बोलून मोकळे होतात. आपण दिवसभर खांदे वर ओढून, कंबर मागे काढून वावरत असतो आणि आपल्याला पत्ताच नसतो. हालचाल चालू असली की ते लपून जातं. दहा मिनिटं न हलता उभं राहिलं की जो स्नायू उगाचच आवळून धरलाय तो बोंबलायला लागतो, आणि मग तो सोडायचा. त्या सोडण्याला सुंग म्हणतात. सैल म्हणजे लोळागोळा नाही, उभं राहायला लागतं तेवढंच बळ ठेवायचं आणि बाकीचं सोडून द्यायचं. मला खांदे सोडायला आठ महिने लागले, आणि सोडले असं मी म्हणतोय, परवा सरांनी मागून येऊन बोटानं दाबलं तर साहेब होते तिथेच वर.

चार मूव्ह्जचं म्हणाल तर तुमचा फॉर्म बहुतेक लाओज्या यीलू असणार, हनान प्रांतातल्या चेनज्यागोउ गावचा, चेन घराण्याचा मूळ पहिला फॉर्म. म्हणजे सुरुवात, मग वज्रपाणी उखळात कांडतो ती, मग कोट आवळायची, मग ती दोन्ही हातांनी ढकलायची, आणि आता सिंगल व्हिप येणार. बरोबर ना? दोन महिन्यांत एवढं म्हणजे वेग चांगलाच आहे की. घाईच असेल तर २४ मूव्ह्जचा फॉर्म आहे, चीनच्या क्रीडा खात्यानं १९५६ साली यांग स्टाईलवरून बसवलेला, पाचसहा मिनिटांत संपतो, खूप लोक त्यानंच सुरुवात करतात आणि त्यात काही कमीपणा नाही. पण एक लक्षात घ्या, फॉर्म पाठ करणं सोपं असतं, चुकीचा पाठ झालेला फॉर्म अंगातून काढणं महाकठीण. मी आधी एका ठिकाणी चार महिन्यांत सगळा फॉर्म पाठ केला होता, तो विसरायला पुढची दोन वर्षं गेली.

तुम्हाला उभं केल्यावर सर काय करतात हे बघा. फिरतात का? हात लावून कंबर, हनुवटी सरळ करतात का, वजन टाचेवर गेलंय की चवड्यावर हे सांगतात का? की तुम्हाला उभं करून कोपऱ्यात मोबाईल बघत बसतात? लांबून दोन्ही क्लास अगदी सारखेच दिसतात.

ठोसेवाला
जुनेखांब साहेबांचा आदर ठेवून थोडं कडू बोलतो. मी आधी बॉक्सिंग केलं, मग चार वर्षं सांडा, म्हणजे चिनी किकबॉक्सिंग. पी हळद हो गोरी असं कुणीच म्हणत नाहीये, पण या पारंपरिक क्लासेसमध्ये "अजून तुझा पाया तयार नाही" हे वाक्य दहा दहा वर्षं चालतं आणि समोर प्रतिकार करणारा माणूस कधी येतच नाही. २०१७ मध्ये छंगदूला शू श्याओदोंग या एमएमए (मिक्स्ड मार्शल आर्ट्स) वाल्यानं एका ताई ची मास्टरला अर्ध्या मिनिटाच्या आत झोपवलं होतं, तो व्हिडिओ अख्ख्या जगानं बघितला. त्या मास्टरची उभं राहायची पोझ सुंदर असेल हो, पण त्याला कधी कुणी खरा ठोसा मारलाच नव्हता हे पहिल्या पाच सेकंदात कळतं.

ताई म्हणतायत लढायचं नाही, ठीक आहे. तरी सरांना सरळ विचारा, पुश हॅंड्स (दोघांनी हाताला हात लावून एकमेकांचा तोल घालवायचा सराव) कधी सुरू होणार आणि वरच्या बॅचचे लोक ते करतात का. वरची बॅच पण नुसती उभीच असेल तर पळा तिथून.

जुनाखांब
@ठोसेवाला पुश हॅंड्सचं १०० टक्के मान्य. त्या व्हिडिओबद्दल पण भांडत नाही. फक्त एवढंच की तो पाया घालण्याचा दोष नाही, पायावर कधी घरच न बांधण्याचा आहे.

आणि आजीआजोबांचा व्यायाम हे जे सगळ्यांच्या डोक्यात बसलंय ना, ते बरंचसं यांग छंगफू (१८८३ ते १९३६) यांच्या संथ, एकसारख्या वेगाच्या फॉर्ममुळे, तोच पुढे जगभर गेला. त्यांचे आजोबा यांग लूचान हे चेनज्यागोउलाच शिकले होते आणि मग बीजिंगला जाऊन शिकवायला लागले. चेनमध्ये उड्या, पाय आपटणं, मध्येच झटक्यात ताकद सोडणं हे सगळं अजून आहे. दुसऱ्या फॉर्मचं तर नावच तोफेचा ठोसा. तो बघा एकदा, आजोबांना झेपणार नाही.

गुडघागाथा
सगळे इतिहासात शिरले, तिकडे बाईंचा गुडघा दुखतोय 🙄

"सहन करायला शिका" वाचून मी तिथेच थांबले. खांबासारखी, हे नीट वाच. मांडी थरथरणं, जळजळणं, दुसऱ्या दिवशी जिन्यावर मांड्या भरून येणं हे सहन करायचं असतं. सांधा दुखणं सहन करायचं नसतं. सरांना "दुखतंय" एवढंच सांगितलं असशील तर त्यांना मांडी वाटली असेल, असं होतं बऱ्याचदा, म्हणून बोट ठेवून दाखव कुठे दुखतंय ते.

आता उजवाच का, आणि आतूनच का? जुनाखांब यांनी मूव्ह्ज सांगितल्या त्यावरून माझा अंदाज. तिसरी मूव्ह, कोट आवळायची, त्यात उजवा हात उजवीकडे उघडत जातो आणि वजन उजव्या पायावर येतं. त्या वेळी कंबर वळवताना वळण खुब्यातून यायला पाहिजे, जांघेतली ती घडी असते ना तिथून, तुझे सर क्वा क्वा म्हणत असतील बघ, तेच ते. आपल्यासारख्या खुर्चीवाल्यांचा खुबा जाम असतो, तो वळत नाही, मग शरीर तेवढं वळण गुडघ्यातून उसनं घेतं. गुडघा बिचारा बिजागरी, पुढेमागे व्हायला केलेला, वजन पडलेलं असताना पिळला की आतल्या बाजूनं कुरकुरणारच. आरशासमोर कर आणि फक्त गुडघ्याकडे बघ, अंगठ्याशेजारच्या बोटाच्या रेषेत राहतोय की आत पडतोय. माझा पडत होता, आणि मला शपथेवर वाटायचं की सरळ आहे.

दुसरं म्हणजे उखळात कांडायच्या मूव्हमध्ये उजवा पाय उचलून जमिनीवर आणतात. नवीन लोक तो दणकन आपटतात, आवाज आला की भारी वाटतं ना. आपटायचा नाही, पडू द्यायचा. पूर्ण तळवा एकदम, वजन अजून डाव्या पायावरच. कडक फरशीवर तर आवाज काढूच नकोस वर्षभर.

आणि वर उभी राहा! खोल बसण्यात मोठेपणा काही नाही. मी त्या हौसेत मित्रमंडळीत सगळ्यात खाली बसून दाखवायचे आणि मग सात महिने घरी बसले. गुडघा हलकासा वाकलेला एवढंच पुरे, पावलांमधलं अंतर पण कमी कर, खुबा मोकळा होत गेला की खोली आपोआप येते. सूज आली, गुडघा अडकला किंवा एकदम दगा देऊन वाकला तर मात्र आधी डॉक्टर, क्लास नंतर.

घाबरू नकोस पण. २०१६ मध्ये अमेरिकेत २०४ जणांवर झालेला एक अभ्यास आहे, गुडघ्याची झीज असलेले लोक, १२ आठवड्यांत ताई ची वाल्यांना फिजिओथेरपीवाल्यांइतकाच फायदा दिसला. म्हणजे नीट केलं तर हेच गुडघ्याचं औषध आहे. (ते यांग स्टाईल होतं आणि समोर शिकवणारा होता, यूट्यूब नाही.)

काडीपैलवान
विंग चुनवाला बोलतोय, सहा वर्षं. तुमच्या मित्राला माझा नमस्कार सांगा आणि विचारा की त्याचा पहिला फॉर्म कुठला. सिउ निम ताउ असणार. त्यात सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकही पाऊल टाकायचं नसतं! गुडघे आत घेऊन एकाच जागी उभं, आणि पहिला भाग तर इतका हळू करायचा की बघणाऱ्याला झोप येईल. म्हणजे साहेब स्वतः खांबच आहेत, फक्त त्यांना अधूनमधून पार्टनर मिळतो म्हणून वेळ जातो.

बाकीच्या चिनी मार्शल आर्ट्स पण घ्या. बागुआवाल्यांना विचारा, ते घाण्याच्या बैलासारखे वर्षानुवर्षं एकाच गोलात चालतात. शिंगयीवाले एक पाय पुढे टाकून पुतळ्यासारखे. हुंग गारवाल्यांच्या घोडा स्टान्सबद्दल न बोललेलंच बरं. कुठेही गेलात तरी उभं राहणं चुकत नाही, ज्याला त्याला आपापलं दुखणं निवडायचं असतं 😄

पण मित्राचा एक मुद्दा घ्याच. दुसऱ्या माणसाचा हात लागल्याशिवाय आपण सैल आहोत की नुसते समजतोय ते कळत नाही. सर नवीन लोकांना पुश हॅंड्स देत नसतील तर क्लासमध्ये कुणालातरी सांगा, मी झाड कवेत घेऊन उभी राहते, तू माझ्या हातावर हळू हळू दाब दे, वाढवत जा. कुठे मोडते ते दोन मिनिटांत कळेल.

खांबासारखी
बापरे, एवढी उत्तरं! सगळ्यांना थॅंक्यू.

जुनाखांब, सर फिरतात हो, मोबाईल कधी दिसला नाही. माझी हनुवटी तर त्यांनी इतक्यांदा आत ढकललीय की आता ते जवळ आले की आपोआपच आत जाते. वरची बॅच पुश हॅंड्स करते, आमच्यानंतर त्यांचा क्लास असतो, मी कधी थांबून बघितलंच नव्हतं. काल थांबले. एक माझ्याहून बारीक बाई एका धिप्पाड माणसाला सारखी बाहेर काढत होती आणि तो हसत होता.

गुडघागाथा ताई, आरशात बघितलं. पडतोय. स्पष्ट पडतोय, आणि मला पण शपथेवर सरळ वाटत होतं. क्वा क्वा पण म्हणतात, मला वाटायचं हा चिनी हुंकार आहे.

ठोसेवाला
धिप्पाड माणूस खरंच जोर लावत होता का हसत होता म्हणून सोडून देत होता, हे बघा फक्त. बाकी सर चांगले वाटतायत, थांबा तिथेच.

खांबासारखी
तीन आठवड्यांनी अपडेट.

सरांना बोट ठेवून गुडघा दाखवला. तोंडच उतरलं त्यांचं, म्हणाले मला वाटलं मांड्या दुखतायत. लगेच मला हातभर वर उचललं, पावलं जवळ घेतली आणि तिसरी मूव्ह दहा वेळा फक्त वजन नेणं आणि मग खुब्यातून वळणं अशी दोन तुकड्यांत करून घेतली. जिना उतरताना आता जवळपास दुखत नाही, दोन क्लास लागोपाठ झाले तर थोडंसं. काडीपैलवान यांचा दाबायचा प्रयोग केला, मी कोपरात मोडते, पहिल्या दाबातच. सिंगल व्हिप सुरू झालीय.

घरी पाय आवाज न करता पडू द्यायचा सराव चाललाय. चारपैकी एकदा तरी दणका बसतोच, आणि आतल्या खोलीतून आवाज येतो, आज कुठल्या ताईवर राग काढतेयस?