मदत हवी आहे (गोल्फ): मित्रांबरोबर ८९, मेडलला १०३. सातत्य आणायचं कसं?

एकदातरीपार:

नमस्कार मंडळी. क्रिकेटचे धागे इथे उदंड, गोल्फचा एकही सापडला नाही, म्हणून नवा काढतोय. गोल्फ हा रिटायर्ड कर्नल आणि बिल्डर लोकांचा खेळ आहे की नाही, ही चर्चा कृपया दुसरीकडे करू. मी साधा नोकरदार, सेट सेकंडहँड, आणि घरून परवानगी रविवारी सकाळी अकरापर्यंतच.

पुण्यात खेळतो. लॉकडाऊननंतर नाद लागला. हँडिकॅप (पारच्या, म्हणजे कोर्सच्या ठरलेल्या फटक्यांच्या, वर मिळणारी सूट) सध्या १७. रविवारी आमच्या चौघांचा ठरलेला फोरबॉल असतो, त्यात ८८ ते ९० फटके आरामात होतात (जितके कमी तितकं चांगलं). पण महिन्याच्या मेडलला (क्लबची स्पर्धा, प्रत्येक फटका मोजतात) कार्ड हातात पडलं की तोच मी, तोच कोर्स आणि स्कोअर शंभराच्या पुढे. मागच्या वेळी १०३. त्याच्या आधीच्या मेडलला चौदाव्या होलपर्यंत झकास चाललं होतं, तेवढ्यात मार्कर (माझं कार्ड लिहिणारा खेळाडू) सहज बोलून गेला, "आज नव्वदच्या आत दिसतंय तुमचं!" झालं. उरलेल्या होलमध्ये दोन बॉल ओबी (हद्दीबाहेर) गेले आणि सतराव्याला तीन पट (ग्रीनवरून कपाकडे मारायचे हलके फटके) लागले, तेही बॉल ग्रीनवर मधोमध असताना.

पहिल्या टीचं (जिथून होल सुरू होतो ती जागा) तर विचारूच नका. क्लबहाउसच्या व्हरांड्यात नाश्ता करत बसलेली मंडळी बघत असतात (बहुधा बघतही नसतील). ड्रायव्हर (सर्वांत लांब मारायचा क्लब) हातात घेतला की तळवे गार पडतात आणि डोक्यात सूचनांचा भडिमार सुरू होतो. डावा हात ताठ, डोकं खाली, ग्रिप सैल, आधी कंबर फिरव. मग बॉल एकतर टॉप होऊन लेडीज टीपर्यंतही पोचत नाही, नाहीतर उजवीकडे झाडीत.

रेंजवर (सरावाच्या मैदानावर) म्हणाल तर सात नंबर आयर्नचे फटके एकामागोमाग एक सरळ जातात. कोच म्हणतात स्विंगमध्ये फार काही बिघाड नाही. यूट्यूब पाहून झालं, दीर्घ श्वसन झालं, ड्रायव्हरही बदलून झाला. तीन फुटांचा पट मात्र मेडलला अजूनही थरथरतच मारतो.

हे सगळ्यांचंच होतं का? दडपणाचं नक्की करायचं काय? आणि स्कोअर मोजत खेळावं की मोजूच नये? खेळणाऱ्यांनी सांगा. न खेळणाऱ्यांचेही टोमणे चालतील.

बटाटेवडा_हायब्रिड:

पहिल्या टीला व्हरांड्याकडे पाठ करून उभे राहा. पुढचा सल्ला सशुल्क.

कव्हरक्वीन:

गोल्फमधलं मला ओ की ठो कळत नाही. २०२१ च्या ऑगस्टमध्ये अदिती अशोकचं ऑलिंपिक पदक एका फटक्याने हुकलं, त्या पहाटे घरातल्या सगळ्यांना उठवून टीव्हीसमोर बसवलं होतं, तेवढीच माझी पुण्याई. पण जिल्हा पातळीवर कॅरम खेळलोय. क्वीन घेतली आहे, कव्हर समोर आहे, सोपं आहे आणि हॉल शांत झालाय, अशा वेळी हात कसा जड होतो ते चांगलं माहीत आहे. आमचे सर एकच करायला लावायचे. स्ट्रायकर रेषेवर ठेवल्यापासून मारेपर्यंत जेवढा वेळ सरावात लागतो, तेवढाच सामन्यात. जास्त नाही, कमीही नाही. तुमच्याकडे बॉल हलत नसतो, त्यामुळे हे लागू पडावं.

जुनंखोड:

धागा काढलात ते बरं केलंत. हँडिकॅप ७ आहे, कधीकाळी तुमच्याएवढाच होता. जरा लांबण लावतो.

आधी हिशेब. २०२० पासूनच्या जागतिक हँडिकॅप पद्धतीत तुमच्या शेवटच्या २० राऊंडमधले सर्वांत चांगले ८ धरून सरासरी काढतात. उरलेले १२ बाजूला. म्हणजे १७ हा तुमच्या चांगल्या दिवसांचा आकडा आहे, नेहमीच्या दिवसांचा नाही. पार ७२ च्या कोर्सवर ८९ म्हणजे हँडिकॅपबरहुकूम खेळणं, आणि ते तुमच्या-माझ्यासारख्यांना चार-पाच राऊंडमधून एखाद्याच वेळी जमतं. नेहमीचा स्कोअर त्याच्या तीन-चार फटके वर असायचाच. तुम्ही ८९ ला 'माझा स्कोअर' धरून बसलात, तर महिन्यातले बहुतेक दिवस नापासच व्हाल.

आता दुसरं, थोडं झोंबेल. रविवारचे ८९ नक्की ८९ असतात का? फोरबॉलमध्ये गिमी (न मारताच पडला असं धरलेला जवळचा पट) किती देता? पहिल्या टीवर फसलेला ड्राइव्ह 'राहू दे रे, दुसरा मार' म्हणून सोडून देता का? झाडीत गेलेला बॉल पायाने थोडा बाहेर येतो का? मेडलला प्रत्येक पट कपात पडेपर्यंत मारावा लागतो, आणि ओबी गेला तर एक दंडाचा फटका घेऊन पुन्हा तिथूनच. मला वाटतं तुमच्या १४ फटक्यांच्या फरकातले निम्मे तरी तिथेच आहेत. त्याला दडपण म्हणू नका, ती हिशेबवही आहे.

उरलेले निम्मे खरे दडपणाचे. पण तेही १८ होलांवर सारखे पसरलेले नसतात. १०३ चं कार्ड काढून बघा. त्यात तीन-चार होलवर ८ किंवा ९ असतील आणि बाकीचं कार्ड रविवारसारखंच असेल. एक फटका फसतो, तो तिथल्या तिथे भरून काढायचा म्हणून झाडांच्या फटीतून तीन नंबर वूड काढतो आपण, आणि मग बॉल आणखी आत. त्यापेक्षा वेजने (छोट्या फटक्याच्या क्लबने) आडवा फेअरवेवर, म्हणजे मोकळ्या पट्ट्यावर, आणा. १७ वाल्याला बहुतेक होलवर एक फटका जास्तीचा मिळालेलाच असतो, तो वापरायचा तो इथे.

हँडिकॅप मोजताना हे मोठे आकडे कापले जातात, ते माहीत असेलच. पार ४ ला तुम्हाला एक फटका मिळत असेल तर ७ च्या वर कितीही झाले तरी हिशेबात ७ च. पण मेडलच्या कार्डावर ९ म्हणजे ९. म्हणून काही महिने मेडलऐवजी स्टेबलफर्ड (होलनिहाय गुणांच्या) स्पर्धा खेळा. तिथे होल फसला की शून्य गुण, बॉल उचला आणि पुढच्या टीकडे चालायला लागा. कार्ड हातात असण्याची सवय होते आणि एका होलने दिवस बुडत नाही.

आणि हो, सध्या पावसाळा आहे. बॉल पडतो तिथेच रुततो, रोल नाही. उन्हाळ्यातल्या ८९ शी आत्ताच्या स्कोअरची तुलना करून रक्त आटवू नका.

एकदातरीपार:

जुनंखोड, __/\__

गिमी आम्ही पटरच्या ग्रिपच्या आतले देतो. आणि पहिल्या टीवर 'दुसरा मार' हा आमच्या ग्रुपचा शिरस्ताच आहे. कार्ड काढून बघितलं. चार होलवर मिळून ३४ फटके आहेत. त्यातले तीन होल पार ४, एक पार ५. बाकी चौदा होल बघून कुणी म्हणणार नाही की हा माणूस दडपणाखाली होता.

पण मग त्या चार होलवर तरी काय होतं मला? आणि तीन फुटांचे पट?

शिकागोकरीण:

पटबद्दल मी लिहिते. इथे एप्रिल ते ऑक्टोबर खेळायला मिळतं, बाकीचे महिने तळघरात गालिच्यावर पट मारत बसते, त्यामुळे या विषयावर भरपूर चिंतन झालंय.

आधी आकडे, म्हणजे स्वतःवर रागावणं कमी होईल. पीजीए टूरवरचे व्यावसायिक खेळाडू तीन फुटांवरून जवळजवळ सगळे पट घालतात, पण आठ फुटांवरून साधारण निम्मेच. वीस फुटांवरून सातांतला एखादा. आपण आठ फुटांचा चुकला की कपाळाला हात लावतो! तुमचे तीन पट मला वाटतं तिसऱ्यामुळे नाही, पहिल्यामुळे होतात. लांबचा पट पाच-सहा फूट लांब राहतो आणि मग जवळच्यावर सगळा भार येतो. लांबच्या पटचं अंतर सुधारा, तीन फुटांचे आपोआप दोन फुटांचे होतील.

आता थरथरीबद्दल. सिअन बाइलॉक नावाच्या मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी गोल्फच्या पटवरच प्रयोग केले. कसलेल्या खेळाडूंना हाताच्या हालचालीकडे लक्ष द्यायला लावलं की त्यांचा पट बिघडतो. नवशिक्यांचं उलट, त्यांना त्याचा फायदा होतो. कारण कसलेल्यांचा हात स्वतःहून चालत असतो आणि मध्येच डोकं लुडबुड करतं. तुमच्या डोक्यातला तो सूचनांचा भडिमार म्हणजे हीच लुडबुड. आणखी एका प्रयोगात कसलेल्यांना 'झटपट मारा' सांगितलं तेव्हा ते 'अचूक मारा' सांगितल्यापेक्षा चांगले खेळले.

मला सर्वांत उपयोगी पडलं ते वेगळंच. सरावाच्या वेळी ज्यांच्यावर कॅमेरा रोखलेला होता, ते नंतर दडपणाखाली ढेपाळले नाहीत. मी तेव्हापासून फोन ट्रायपॉडवर लावून पट मारते आणि तो व्हिडिओ मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकते. पहिल्या आठवड्यात फार लाज वाटली. मग लाज वाटायची थांबली, आणि तोच तर उद्देश होता.

तुम्ही १७ वाले म्हणजे ना नवशिके ना कसलेले. त्यामुळे 'काहीच विचार करू नका' हे मी सांगणार नाही, ते जमतही नाही. एकच सूचना ठेवा, आणि ती शरीराबद्दल नको. मी बॉलच्या मागच्या बाजूचा एक ठिपका बघते आणि फटका मारून झाल्यावरही क्षणभर तिथेच बघत राहते.

चिंचवडचा_चिप:

शिकागोकरीण ताईंना +१.

रेंजबद्दल कुणी बोललंच नाही. सात नंबर एकामागोमाग सरळ जातात कारण आधीचा फटका हातात ताजा असतो. कोर्सवर ड्रायव्हर मारल्यावर दहा मिनिटं चालून मग सात नंबर मारायचा असतो, तोही एकदाच. रेंजवर प्रत्येक बॉलला क्लब बदला. ड्रायव्हर, मग आठ नंबर, मग वेज, डोक्यात आपल्या कोर्सचा पहिला होल धरून. बॉल कमी लागतील आणि मजा जाईल, कारण सरळ फटक्यांची रांग दिसणार नाही. पण खरा खेळ तोच आहे. शेवटचा बॉल 'हा पहिल्या टीचा' म्हणून मारा आणि कसाही गेला तरी घरी जा.

शेवटच्या होलांबद्दल: ड्रायव्हर बॅगेतच ठेवा. १९९९ ची ब्रिटिश ओपन आठवा. स्कॉटलंडमधल्या कार्नुस्टीच्या शेवटच्या होलला फ्रेंच गोल्फर व्हॅन डी व्हेल्डेकडे तीन फटक्यांची आघाडी, सहात होल संपवला तरी जिंकला असता. त्याने ड्रायव्हर काढला, मग दोन नंबर आयर्न प्रेक्षकांच्या स्टँडवर आपटला, पुढचा बॉल ओढ्यात. बूट काढून, पँट वर करून पाण्यात उतरला होता बिचारा. सात झाले आणि प्लेऑफमध्ये पॉल लॉरी जिंकला. ती घबराट नव्हती, ती चुकीची निवड होती.

जुनंखोड:

चिप, उदाहरण बरोबर, निष्कर्ष पटला नाही. व्हॅन डी व्हेल्डेला सहा पुरत होते, म्हणून ड्रायव्हर चूक. आपल्या या गृहस्थांना सोळाव्या होलला बोगी (पारपेक्षा एक जास्त) हवी आहे. हायब्रिड (ड्रायव्हरपेक्षा कमी अंतराचा क्लब) मारून दुसरा फटका १९० यार्डांचा ठेवला तर ती बोगी लांबच जाते. आणि आतापर्यंत जो क्लब मारत आलो तो भीतीने बॅगेत ठेवला की उरलेल्या होलांवरही भीतीच खेळते. एका बाजूला ओबी असेल तर निशाणा बदला, क्लब नको. उजवीकडे स्लाइस होतो ना? मग डाव्या रफच्या (लांब गवताच्या) कडेवर निशाणा धरा.

चिंचवडचा_चिप:

डावीकडे पाणी असेल तर? :)

जुनंखोड:

तर हायब्रिड. जिंकलात.

बटाटेवडा_हायब्रिड:

आता फुकट सांगतो. आमच्या कॅडीने मला एकदा सुनावलं होतं, "साहेब, पैसे लावले की तुमी लई घाईत मारता." तेव्हापासून मॅच असेल तर त्यालाच सांगून ठेवतो की चाल वाढली की नुसतं खोक. बॅगवाल्यांना आपल्या खेळातलं आपल्यापेक्षा जास्त दिसतं. तुमच्या नेहमीच्या कॅडीला विचारून बघा.

एकदातरीपार:

विचारलं. तो म्हणाला माझं उलटं आहे. रविवारी एक प्रॅक्टिस स्विंग आणि फटका. मेडलला तीन-तीन प्रॅक्टिस स्विंग, मग बॉलवर उभा राहून पुतळा. म्हणजे कव्हरक्वीन यांचे सर बरोबर होते. आता मेडललाही एकच प्रॅक्टिस स्विंग, मग एकदा निशाण्याकडे बघायचं की मारायचं.

रविवारच्या फोरबॉलला गिमी बंद करायचा प्रस्ताव मांडला. दोघे तयार झाले, तिसरा चिडलाय.

फक्त स्कोअर मोजण्याचं राहिलं. मेडलला मार्कर शेजारीच असतो, आकडे कानावर पडणारच.

जुनंखोड:

नियमाप्रमाणे बेरीज तुमचं कामच नाही. होलनिहाय आकडे बरोबर आहेत ना, ते तपासायचं आणि सही करायची. एकूण किती झाले ते कमिटी बघते. मार्करला पहिल्याच टीवर हात जोडून सांगा की बेरीज बोलू नका, होलचा आकडा तेवढा सांगा. कुणी वाईट वाटून घेत नाही, निम्म्या लोकांना स्वतःलाही तेच हवं असतं.

पुढचं मेडल कधी?

एकदातरीपार:

पावसाने कोर्स उघडा राहू दिला तर येत्या शनिवारी. कार्ड इथे टाकतो, होलनिहाय. बेरीज तुम्हीच करा.