मीटरचे सेंटीमीटर करताना गुणायचे की भागायचे?

खडूफळा: मी पाचवीला गणित शिकवते. किमी, हेमी, डेकामी, मी, डेसिमी, सेमी, मिमी ही उतरंड मुलांना तोंडपाठ आहे आणि पायरी उतरताना 10 ने गुणायचे, चढताना भागायचे हेही ती घडाघडा म्हणतात. तरीही काल 3 मी 5 सेमी म्हणजे किती सेंटीमीटर असे विचारले, तेव्हा बऱ्याच वह्यांत 35 आणि काहींत 350 आढळले. एकाने तर 400 सेमीचे 40,000 मीटर केले. पायऱ्यांखेरीज आपण काय वापरता?

निवृत्त_गुरुजी: 40,000 मीटर म्हणजे 40 किलोमीटर, आणि मूळ लांबी जेमतेम वर्गाच्या एका भिंतीएवढी. हे मुलाला खटकले नाही, कारण पायऱ्या मोजताना भिंत त्याच्या डोळ्यांसमोर नव्हती. एकच बाक आधी 30 सेमीच्या आणि मग 15 सेमीच्या पट्टीने मोजायला लावा. तांब्याऐवजी पेल्याने बादली भरली तर खेपा वाढतात, तशी लहान पट्टी अधिक वेळा ठेवावी लागते, हे हाताला कळल्यावर गुणाकार-भागाकाराचा घोळ बराच कमी होतो.

शून्याचा_शोध: गुरुजींचे म्हणणे मान्य आहे, परंतु 35 आणि 350 या चुका दिशेच्या नसून स्थानिक किमतीच्या आहेत. पूर्वी आम्ही 3 रुपये 5 पैसे म्हणजे 3.05 असे समजावत असू. आताच्या मुलांनी पाच पैशांचे नाणे पाहिलेलेच नसते. म्हणून मी शिंप्याची टेप आणते. ती 150 सेमीची असल्याने जमिनीवर दोनदा अंथरली की 3 मीटर होतात, आणि पुढचे 5 सेमी खडूने वाढवले की 305 समोरच दिसते. 3.05 मधले शून्य त्यानंतरच फळ्यावर लिहावे.

मैदानावरून: आमच्या मुलांना कबड्डीचे मैदान आखायला दिले होते. पुरुषांचे मैदान 13 मी × 10 मी असते आणि निदान रेषा मध्यरेषेपासून 3.75 मीटरवर येते. हातात सेंटीमीटरची टेप असल्यामुळे 375 काढल्याशिवाय त्यांना फक्कीची रेघ ओढताच येईना. हेक्टोमीटर आणि डेकामीटर परीक्षेपुरते असू द्यावेत. व्यवहारात ते कोणी विचारत नाही.

खडूफळा: आभारी आहे. आज बाक मोजून घेतले, तेव्हा निम्मी मुले पट्टीवरच्या शून्यापासून न मोजता पट्टीच्या कडेपासून मोजत असल्याचे लक्षात आले. उद्या आधी तेवढेच घेईन, टेप परवा.