मोबाइल असो वा डीएसएलआर, सगळीकडे चालेल असं नेमकं काय शिकावं?

नवशिका
रोज हातात मोबाइल असतो. अधूनमधून भावाचा क्रॉप सेन्सरचा (३५ मिमी फिल्मच्या चौकटीहून लहान सेन्सरचा) डीएसएलआर मिळतो, सोबत १८-५५ मिमीची किट लेन्स. दोन्हींचे मेनू वेगळे, त्यामुळे एकावर बसलेला हात दुसऱ्यावर चालत नाही. सध्या तीन गोष्टी अडतात. पांढऱ्या साडीचा फोटो मळकट, राखाडी येतो. घरात ट्यूबच्या उजेडात फोटोवर काळसर पट्टे उमटतात. आणि जवळून चेहरा टिपला की नाक मोठं दिसतं. यासाठी दुसरी लेन्स घ्यावी लागेल का? कॅमेरा बदलला तरी वाया जाणार नाही असा सराव सांगा.

कवडसा
साडीपासून सुरुवात करतो, कारण ते समजलं की अर्धं एक्सपोजर, म्हणजे फोटोला किती उजेड द्यायचा ते, समजलं. कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरला साडी कळत नाही, फक्त उजेड कळतो. समोर जे असेल ते मध्यम राखाडी धरून तो हिशेब करतो. त्यामुळे पांढरं काळवंडतं आणि काळी पैठणी धुरकट होते. चौकट पांढऱ्याने भरली असेल तर +१ ते +१.३ स्टॉप द्या, काळ्याने भरली असेल तर -१. डीएसएलआरवर त्यासाठी +/- चं बटण असतं. मोबाइलवर साडीवर बोट टेकवून लॉक होईपर्यंत दाबून ठेवा, मग सूर्याची खूण वर सरकवा. किती वर? निऱ्यांच्या घड्या आणि काठाची वीण दिसतेय तोवरच. घड्या पुसल्या गेल्या, हिस्टोग्राम (फोटोत काळोख-उजेड किती ते दाखवणारा आलेख) उजव्या भिंतीला चिकटला, की एक तृतीयांश स्टॉप खाली या.

'स्टॉप' म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा, एवढंच. भर उन्हात आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, अॅपर्चर (लेन्सचं छिद्र; आकडा मोठा तितकं छिद्र लहान) एफ/१६, शटर १/१२५ सेकंद हा आकडा तोंडपाठ करा. एफ/११ला १/२५०, एफ/८ला १/५००, एफ/५.६ला १/१०००: चारही ठिकाणी एक्सपोजर तेच, बदलतं ते पुढे-मागे किती भाग फोकसमध्ये राहतो ते आणि हालचाल गोठण्याचं प्रमाण. मोकळ्या आकाशाखालच्या सावलीत साधारण तीन-चार स्टॉप उजेड कमी होतो. कॅमेरा डोळ्याला लावण्याआधी आकडा मनात ठरवा, मग मीटर बघा. रोज दहा वेळा केलंत तर महिनाभरात अंदाज एका स्टॉपच्या आत येतो. बहुतेक मोबाइलमध्ये अॅपर्चर स्थिर असतं, म्हणून तिथे हाच हिशेब शटर आणि आयएसओ या दोघांतच करायचा.

पन्नास हर्ट्झ
पट्ट्यांबद्दल. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून चोकवाली ट्यूब आणि बरेच स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. डोळ्याला ते दिसत नाही. पण शटर १/५०० ठेवलं की सेन्सरचा एक पट्टा उजेडाच्या भरतीत उघडतो, पुढचा ओहोटीत. उपाय: शटर १/१०० किंवा १/५०. १/१००ला प्रत्येक ओळीला बरोबर एक पूर्ण ठोका मिळतो. पोरं नाचत असतील तर १/५०ला हात-पाय पुसट होतील, म्हणून १/१०० ठेवून आयएसओ वाढवा. मोबाइलवर प्रो मोडमध्ये हेच करता येतं. अमेरिकेतल्या मंडळींनी १/६० धरावं, तिथली वीज ६० हर्ट्झची.

दोन पावलं मागे
नाकासाठी नवी लेन्स नको, दोन पावलं मागे सरका. नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंत सुमारे १२ सेंमी धरा. कॅमेरा नाकापासून ३० सेंमीवर असेल तर कान ४२ सेंमीवर, म्हणजे कानाच्या मानाने नाक ४० टक्के मोठं उमटणार. तेच २ मीटरवरून हा फरक ६ टक्क्यांवर येतो. मोबाइलचा मुख्य कॅमेरा रुंद बघतो, म्हणून चौकट भरायला माणूस नकळत जवळ जातो. दीड-दोन मीटरवर थांबून २एक्स झूम वापरा. किट लेन्सवर त्याच जागेवरून ५५ मिमी. तेव्हा शटर १/१००च्या खाली नको: ५५ गुणिले १.५ (क्रॉप सेन्सरचा गुणक) म्हणजे साधारण ८२, त्याहून मंद शटरला हाताची थरथर दिसू लागते.

प्रकाशाच्या सरावाला एक अंडं पुरे. खिडकीपासून दोन फुटांवर स्टुलावर ठेवा, उजेड बाजूने येऊ द्या. सावलीच्या बाजूला आधी थर्मोकोल धरा, मग काळा पुठ्ठा. नंतर खिडकीला पातळ पांढरा पडदा लावून उजेड-सावलीची सीमा कशी पसरते ते बघा. हीच मांडणी मोबाइल आणि डीएसएलआर दोन्हींवर टिपा. सावलीची कड दोन्हींत सारखीच दिसेल, कारण ती खिडकीने घडवलेली असते. मग अंडं चार फुटांवर न्या, उजेड चौथाई होईल, म्हणजे दोन स्टॉप.

कवडसा
वरच्या शेवटच्या वाक्यात एक दुरुस्ती. अंतर दुप्पट झाल्यावर उजेड चौथाई होतो तो उघड्या बल्बसारख्या छोट्या स्रोतापासून. चार फुटी खिडकीसमोर दोन फुटांवरून चारवर गेलं तर घट त्याहून कमी असते, त्यात भिंतींवरून परतलेला उजेडही मिसळतो. मीटरने मोजूनच बघा. पण मोजताना मोबाइल ऑटोवर ठेवू नका, नाहीतर प्रत्येक फोटो तो आपोआप सारखाच उजळ करेल आणि फरक दिसणारच नाही.

नवशिका
मागे सरकून ५५ला पाहिलं, फरक लगेच दिसला. अंड्यासाठी मोबाइलवर आयएसओ किती ठेवू?

कवडसा
१०० ठेवा, मोबाइल टेकवून उभा करा आणि दोन सेकंदांचा टायमर लावा. खिडकीजवळ शटर १/३० वगैरे येईल, हातात धरलं तर फोटो हलू शकतो.