यकृताला रक्त परत मिळताना होणारी इजा: औषधं शोधायची की यंत्रावर भर द्यायचा?

शल्यविद्यार्थी
शस्त्रक्रियेत किंवा प्रत्यारोपणात यकृताचं रक्त थांबलं की त्याच्या पेशींतला एटीपी, म्हणजे ऊर्जेचं इंधन, संपतो. पण मोठा घात होतो तो रक्त परत आल्यावर. रक्त नसताना साठलेलं सक्सिनेट (चयापचयातला एक पदार्थ) ऑक्सिजन मिळताच भराभर जळतं, मायटोकॉन्ड्रियातून (पेशींच्या ऊर्जाकेंद्रांतून) मुक्त मूलकं, म्हणजे पेशींना इजा करणारे अतिक्रियाशील रेणू, सुटतात, कुफर पेशी (यकृतातल्या रोगप्रतिकारक पेशी) चेतवल्या जातात, मागोमाग न्यूट्रोफिल या पांढऱ्या रक्तपेशी येऊन नासधूस वाढवतात. पहिला तडाखा काही मिनिटांतच बसतो. मग रक्त सोडल्यावर अँटिऑक्सिडंट (मुक्त मूलकांना आवरणारी औषधं) देऊन काय साधणार? प्रत्यारोपणात रक्तवाहिन्या जोडण्याआधीच यकृत त्यातून थंड, ऑक्सिजनयुक्त द्रावण फिरवणाऱ्या यंत्रावर घ्यावं. २०२१ साली प्रसिद्ध झालेली १५६ रुग्णांची चाचणी बघा. दात्याचं हृदय थांबल्यावर मिळालेल्या यकृतांत पित्तनलिका आकसून त्रास होण्याचं प्रमाण नुसत्या बर्फातल्या साठवणीनंतर १८ टक्के, यंत्रानंतर ६ टक्के. औषधांचा नाद सोडून सगळी ताकद इथे लावायला हवी.

भूलतज्ज्ञ
अजिबात पटलं नाही. यकृतातली गाठ काढताना यकृत पोटातच असतं, ते कुठल्या यंत्राला जोडणार? तिथे अजूनही १९०८ सालची प्रिंगल यांची पद्धतच कामी येते. यकृताकडे जाणारं रक्त क्लॅम्पने १५ मिनिटं थांबवायचं, ५ मिनिटं सोडायचं, पुन्हा थांबवायचं. शिरांमधला दाब कमी ठेवला तर रक्तस्राव घटतो आणि क्लॅम्पची गरजही कमी पडते. फॅटी लिव्हर असेल तर हे फार जपावं लागतं. शिवाय मुख्य क्लॅम्पआधी १० मिनिटं रक्त थांबवून १० मिनिटं सोडलं, तर यकृत पुढचा ताण जास्त सोसतं. या साध्या गोष्टी मागे पडू नयेत.

शल्यविद्यार्थी
थांबवून-सोडून करण्याला माझा विरोध नाही. पण त्या आधीच्या १० मिनिटांच्या तयारीने एसजीओटी (यकृताला इजा झाल्यावर रक्तात वाढणारं एन्झाइम) कमी वाढतं, एवढंच. चाचण्या एकत्र पाहिल्या तर मृत्यू घटल्याचं सिद्ध होत नाही.

भूलतज्ज्ञ
हीच फूटपट्टी मग यंत्रालाही लावा! शरीराच्या तापमानावर चालणाऱ्या यंत्राच्या २०१८ च्या चाचणीत, २२० प्रत्यारोपणांत, एन्झाइमची वाढ निम्म्यावर आली. रुग्ण किंवा यकृत टिकण्यात मात्र ठोस फरक दिसला नाही.

शल्यविद्यार्थी
त्याच चाचणीत वाया जाणारी यकृतंही निम्म्याने घटली, ते का वगळता? प्रतीक्षायादीतल्या माणसासाठी वापरता आलेलं एक जास्तीचं यकृत म्हणजे सर्वस्व असतं. आणि थंड यंत्राचा पित्तनलिकांवरचा परिणाम हा नुसता प्रयोगशाळेतला आकडा नाही. तो रुग्णाला जाणवतो.

जीवरसायन
औषधं इतक्या लवकर मोडीत काढू नका. पॅरासिटामॉलच्या विषबाधेत एन-असिटिलसिस्टीन हे औषध जीव वाचवतं, कारण तिथे ग्लुटाथिऑन (यकृताचं स्वतःचं अँटिऑक्सिडंट) संपलेलं असतं आणि ते भरून काढता येतं. प्रत्यारोपणात त्याचा एकसारखा फायदा दिसला नाही, हे मान्य. पण शिरेतून दिलेलं औषध आख्ख्या शरीरात पसरतं आणि कित्येकदा उशिरा पोचतं. यंत्रावर मात्र ते फक्त यकृतालाच, रक्त जोडण्याआधी, हवं तितका वेळ देता येतं. तेव्हा शल्यविद्यार्थी, तुमचं यंत्रच औषधांना पहिली खरी संधी देतंय. ती का नाकारायची?