अनुभव धागा: दलालाविना घर भाड्याने देताना केलेली कागदपत्रे

कोकणातील आपले घर स्वतःच भाड्याने देणाऱ्यांनी करारनामा कसा केला आणि गाडे कुठे अडले, ते येथे लिहावे.

रत्नागिरीहून
अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, हा समज आमच्या आळीत पक्का रुजलेला आहे. प्रत्यक्षात महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 नुसार करार लेखी व नोंदणीकृत असावा लागतो, ती जबाबदारी घरमालकाचीच असते आणि तसा करार नसल्यास अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. नुसत्या नोटरीच्या शिक्क्यावर भागत नाही. खर्च मात्र फार नाही. मासिक भाडे 8000 आणि परत करावयाची अनामत 30,000 रुपये असेल, तर एकूण भाडे व अनामतीवरील 10 टक्के दराचे व्याज यांच्या बेरजेवर 0.25 टक्के, म्हणजे अकरा महिन्यांसाठी सव्वादोनशेच्या आसपास मुद्रांक शुल्क येते. नोंदणी शुल्क शहरी हद्दीत 1000, ग्रामीण भागात 500 रुपये. आधार आणि बोटांचे ठसे यांच्या आधारे हे काम घरबसल्या ऑनलाइन झाले.

दापोली तालुक्यातून
आमचे घर सामाईक. ग्रामपंचायतीच्या आठ नंबरच्या उताऱ्यावर वडिलांसह चुलत्यांचीही नावे आणि बहुतेक मंडळी मुंबईला. गणपतीला सगळे घरी जमले, तेव्हा भाड्याची वाटणी ठरवून संमतीपत्रावर सह्या घेतल्या. जे येऊ शकले नाहीत त्यांच्याकडून कुलमुखत्यारपत्र मागवले. कायद्यापेक्षा भाऊबंदकी सांभाळणे अवघड, असे माझे मत झाले आहे.

मालवणहून
तयार नमुन्यात परसाचा उल्लेख नसतो. माडांचे नारळ आणि कलमांचे आंबे कोणी उतरवायचे, विहिरीच्या पंपाची दुरुस्ती कोणी करायची, पावसाळ्यापूर्वी कौले कोणी चाळून घ्यायची, हे आम्ही स्वतंत्र परिशिष्टात लिहिले. भाडेकरू शिक्षक होते. कौलांचे कलम त्यांनीच सुचवले!

कुडाळहून
दस्तात ‘लिव्ह अँड लायसन्स’ (म्हणजे ठरावीक मुदतीपुरती घर वापरण्याची परवानगी) असा स्पष्ट उल्लेख असावा. मुदत संपूनही घर रिकामे झाले नाही, तर भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम 24 खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि ठरलेल्या शुल्काच्या, म्हणजे भाड्याच्या, दुप्पट भरपाई मागता येते. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात दिल्याची पोच मी दस्ताच्या प्रतीसोबतच ठेवतो.