मदत हवी आहे: बाबा उठले की अंधारी येते, नाडी मात्र वाढत नाही

बाबा ७२ वर्षांचे, शुगर १८ वर्षांपासून. गेल्या महिन्यात पहाटे लघवीला उठले आणि बेसिन धरत धरत खालीच बसले. शुद्ध हरपली नाही. तेव्हापासून तीन-चारदा झालंय, एकदा तर जेवून उठताना. लगेच शुगर पाहिली, १३२. म्हणजे ती उतरलेली नव्हती.

मग घरच्या मशीनवर बीपी मोजलं. आडवे असताना १४८/८२, नाडी ७६. उभं राहून मिनिटभराने ११६/७०, नाडी ७९. (मशीन बिघडलं असेल म्हणून माझंही मोजलं. उभं राहूनही माझं बीपी जवळपास तेवढंच राहिलं, नाडी ६८ वरून ८०.)

वाचलं त्यातून कळलेलं असं: उभं राहिलं की अर्धा-पाऊण लिटर रक्त पोटात नि पायांत उतरतं, दाब पडू लागतो. मानेतल्या रोहिण्या आणि हृदयातून निघणाऱ्या महारोहिणीची कमान इथले दाब ओळखणारे चेतातंतू ते मेंदूला कळवतात. मग अनुकंपी चेता (आपोआप काम करणाऱ्या नसा) रक्तवाहिन्या आवळतात, ठोके वाढवतात, सगळं आपल्या नकळत, काही सेकंदांत. बाबांचा दाब ३२ने पडतो आणि नाडी फक्त ३ने वाढते. जुन्या मधुमेहात या स्वायत्त चेतांनाच इजा होते म्हणे. त्यांना बद्धकोष्ठ आहे, पायांना घामही येत नाही. हे सगळं एकच दुखणं असेल का? आमचे डॉक्टर "वय झालं, सावकाश उठा" एवढंच म्हणाले. न्यूरोलॉजिस्टकडे जाऊ की हृदयवाल्यांकडे?

प्रतिसाद १:
प्रोस्टेटची गोळी चालू आहे का? टॅमसुलोसिनसारख्या गोळ्या रक्तवाहिन्याही सैल करतात. स्वतःहून बंद करू नका, पण आधी एखाद्या फिजिशियनला हे आकडे आणि सगळ्या गोळ्या दाखवा. उभं राहिल्यावर ३ मिनिटांत वरचा दाब २०ने पडला तरी ते ऑर्थोस्टॅटिक हायपोटेन्शन धरतात. माझ्या आईला पलंगावरच पाय सोडून बसायला, पोटऱ्या दहा-वीसदा आवळायला आणि उठण्याआधी दोन भांडी पाणी प्यायला सांगितलं होतं. मीठ मनाने वाढवू नका, आडवं असताना बीपी आधीच चढं आहे.

धागाकर्ती:
गोळी तीच निघाली, दोन महिन्यांपूर्वी सुरू केलेली! सोमवारची वेळ घेतली. पोटऱ्या आवळतात, पाण्याला मात्र ठाम नकार. "पाणी प्यायलो तर परत लघवीला उठावं लागेल, मग परत चक्कर." यावर काय बोलू?

प्रतिसाद २:
युरिनलचं भांडं पलंगाशी ठेवा. आमचे सासरेही आठवडाभर रुसले होते.